बाळाचं जन्मवजन जास्त असेल तर कर्करोगाचा धोका वाढतो का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आता २ वर्षांची आहे, जन्माच्या वेळी ४.१ किलो होती. ४ किलोच्या वरच्या बाळांना रक्ताचा कर्करोग जास्त होतो असं वाचनात आलं. तर दर ६ महिन्यांनी तिचं रक्त तपासून घ्यावं का? धाकट्या बहिणीला पाचवा महिना चालू आहे. बाळ फार मोठं होऊ नये म्हणून तिने खाणं आवरतं घ्यावं का?

दोन्हींचं उत्तर 'नाही'. पण तुम्ही जे वाचलंत ते खोटं नाही. ते अर्धवट सांगितलं गेलंय, आणि भीती त्या अर्धवटपणातून येते. म्हणून आधी आकडे नीट लावून घेऊ.

लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ज्याला डॉक्टर मंडळी 'एएलएल' म्हणतात. २००३ साली तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा ४ किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या बाळांत एएलएलचा धोका साधारण २५ टक्क्यांनी जास्त दिसला. २०१५ साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सुमारे ४०,००० कर्करुग्ण मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथे जन्मवजनातल्या दर अर्ध्या किलोमागे बालपणीच्या कर्करोगांचा एकूण धोका सुमारे ६ टक्क्यांनी वाढलेला आढळला. वेगवेगळ्या देशांतून तेच पुन्हा पुन्हा दिसतंय, त्यामुळे हा योगायोग नाही.

आता '२५ टक्के जास्त' म्हणजे कशाच्या २५ टक्के, ते बघा. ज्या देशांत नोंदी चोख ठेवल्या जातात तिथे १५ वर्षं वयाच्या आत एएलएल होण्याचं प्रमाण ढोबळमानाने २,००० मुलांत १ आहे. म्हणजे १०,००० मुलांत ५. यात २५ टक्के मिळवले की होतात ६ आणि थोडं वर. १०,००० भरभक्कम बाळं घेतली तर त्यातली ९,९९० पेक्षा जास्त मुलं या आजाराच्या वाटेलाही जाणार नाहीत. बातमीत २५ टक्के छापतात, हे ५ आणि ६ छापत नाहीत. तुमच्या मुलीच्या बाबतीत खरा फरक एवढाच आहे. शिवाय त्यातली २ वर्षं निघून गेली आहेत. एएलएलचा जोर २ ते ५ या वयात असतो म्हणून पालकांनी लक्षणं ओळखावीत हे बरोबर, पण त्यासाठी दर ६ महिन्यांनी सुई टोचायची गरज नाही.

मग वजनाचा आणि ल्युकेमियाचा संबंध येतो कुठून? पोटातल्या बाळाची वाढ इन्सुलिन आणि त्याच्यासारखे वाढीचे घटक, आयजीएफ-१ आणि आयजीएफ-२, यांच्या जोरावर होते. हे घटक जास्त असतील तर पेशींचं विभाजन जास्त, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींची संख्या जास्त, आणि विभाजन होताना जनुकात चूक होण्याची संधीही थोडी जास्त. एएलएलची पहिली पायरी बऱ्याच मुलांत जन्माआधीच पडलेली असते. ज्या मुलांना पुढे ल्युकेमिया झाला त्यांच्या जन्मानंतर टाचेतून घेऊन कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांत ईटीव्ही६ आणि रनएक्स१ या दोन जनुकांची चुकीची जोडणी सापडली आहे. पण हीच जोडणी निरोगी नवजात बाळांतही सापडते, १०० मागे निदान एकात तरी. त्यातल्या बहुतेक सगळ्यांना पुढे काहीही होत नाही. आजार व्हायला नंतर दुसरा, तिसरा बिघाड व्हावा लागतो. म्हणून जन्मवजन हे या आजाराचं कारण नव्हे. पोटात वाढ किती वेगाने झाली याची ती एक बाहेरून दिसणारी खूण आहे.

ही खूणसुद्धा नेमकी नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात संशोधकांनी नुसतं वजन न घेता आईची उंची, कितवं बाळंतपण, बाळ मुलगा की मुलगी, किती आठवड्यांचं, या सगळ्यांवरून त्या बाळाचं 'अपेक्षित' वजन काढलं आणि प्रत्यक्ष वजन त्याच्याशी ताडून पाहिलं. तेव्हा असं दिसलं की संबंध आहे तो अपेक्षेपेक्षा वेगाने झालेल्या वाढीशी. उंचपुऱ्या आईचं ४१ आठवड्यांचं ४.१ किलोचं बाळ आणि बुटक्या आईचं ३८ आठवड्यांचं ४.१ किलोचं बाळ यांना एका मापाने मोजता येत नाही. डाउन सिंड्रोमची मुलं हे दुसऱ्या टोकाचं उदाहरण. ती जन्मतः सरासरीपेक्षा हलकी असतात, तरी त्यांच्यात ल्युकेमियाचा धोका १० ते २० पट असतो, कारण तिथे २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत काम करत असते.

आपल्याकडे '४ किलो' हा आकडा जसाच्या तसा उचलणं तर आणखीच अडचणीचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचा १९९० च्या दशकापासून अभ्यास केला. पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलं. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची बाळं त्याच वेळी सरासरी ३.५ किलोची होती. आपली बाळं हाडामांसाने बारीक, पण चरबी मात्र राखून असतात, हे त्याच अभ्यासातून जगाला कळलं. अशा लोकसंख्येत ४ किलोचं बाळ क्वचित जन्मतं. ते जन्मलं तर पहिला विचार कर्करोगाचा नव्हे, आईच्या गरोदरपणातल्या साखरेचा करायचा.

म्हणून बाळ 'मोठं' आहे का हे आठवड्यांनुसार ठरवा. ३७ आठवड्यांना ३.६ किलो म्हणजे मोठं बाळ, ४१ आठवड्यांना ३.६ किलो म्हणजे अगदी सर्वसाधारण. यासाठी इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे तक्ते वापरता येतात. ते ज्या ८ ठिकाणच्या निरोगी मातांवरून तयार झाले त्यातलं एक आपलं नागपूर आहे. ९० व्या पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे तितक्याच आठवड्यांच्या १०० बाळांतल्या ९० पेक्षा जड असेल ते बाळ आठवड्यांच्या मानाने मोठं. डिस्चार्ज कार्डावर आठवडे आणि वजन दोन्ही असतात, बालरोगतज्ज्ञ तक्ता लावून दोन मिनिटांत सांगतील.

भारतातले आकडे का देत नाही, असं वाटेल. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड इथे जन्माची नोंद आणि कर्करोगाची नोंद एकाच नागरिक क्रमांकाने जोडता येते. आपल्याकडे जन्मनोंदणीच्या अर्जात वजनाचा रकाना आहे, मुंबईची कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकापासून चालू आहे, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून. पण हे कागद एकमेकांना ओळखत नाहीत. ते जोडले गेले पाहिजेत, असं मनापासून वाटतं. २.७ किलो सरासरीच्या लोकसंख्येत हा संबंध कसा दिसतो याचं उत्तर जगाला इथूनच मिळू शकेल.

बाकीच्या कर्करोगांचं चित्र एकसारखं नाही. मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरमध्ये ४ किलोच्या वर धोका साधारण एक तृतीयांशाने जास्त. मज्जातंतूंच्या न्यूरोब्लास्टोमात आणि एएमएल या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियात खूप जास्त आणि खूप कमी अशा दोन्ही टोकांना थोडा धोका दिसतो. मेंदूच्या काही गाठींत वजनाशी हलका संबंध आहे. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमाचं मूळ आरबी१ जनुकात असतं, तिथे वजन बघून काही हाती लागत नाही.

जन्मवजनावरून खरोखर काही करावं लागतं अशा जागा दोनच.

पहिली जागा म्हणजे बेकविथ-विडेमन सिंड्रोम. ११ व्या गुणसूत्राच्या ११पी१५ या भागात आयजीएफ-२ वरचा लगाम सुटतो आणि बाळ, किंवा बाळाचा काही भाग, प्रमाणाबाहेर वाढतो. साधारण १०,००० जन्मांत १ असं हे प्रमाण आहे, कृत्रिम गर्भधारणेने झालेल्या बाळांत थोडं जास्त. या मुलांपैकी १०० मागे ५ ते १० जणांना लहानपणी गाठ होते, मुख्यतः विल्म्स ट्यूमर किंवा यकृताचा हेपॅटोब्लास्टोमा. तुमच्या मुलीच्या बाबतीत या खुणा एकदा शांतपणे पाहून घ्या. जीभ मोठी, तोंडाबाहेर राहणारी, दूध पिताना अडणारी होती का? जन्मतः बेंबीतून आतडं बाहेर आलेलं होतं का, किंवा बेंबीचा मोठा हर्निया आहे का? कानाच्या पाळीवर आडवी चीर किंवा कानामागे खळगे आहेत का? शरीराच्या दोन्ही बाजूंतल्या फरकालाही महत्त्व आहे. मुलीला सपाट जागी उताणी झोपवा, गुडघे सरळ करा आणि दोन्ही टाचा एका रेषेत येतात का पाहा. मग गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर टेप लावून दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. एक पाय डोळ्यांना दिसण्याइतका जाड किंवा लांब असेल तर दाखवायला हवं.

अजून एक खूण कार्डावर सापडते: जन्मानंतर रक्तातली साखर घसरली होती का आणि किती दिवस. मधुमेही आईच्या बाळाचीही साखर घसरते, पण ती सहसा पहिल्या दोन-तीन दिवसांत सावरते. त्यापुढेही ग्लुकोजची सलाईन लागत राहिली आणि जोडीला वरचं काही असेल तर आनुवंशिकी तज्ज्ञांकडे जा. तपासणी रक्तावर होते, मिथायलेशन म्हणजे जनुकांवरच्या रासायनिक खुणा बघतात. इथे एक खाच आहे. हा बिघाड शरीराच्या काही पेशींत असतो आणि काहींत नसतो, त्यामुळे रक्ताचा अहवाल नॉर्मल आला तरी निदान पुसलं जात नाही. खुणा ठळक असतील तर गालाच्या आतल्या पेशींवर किंवा त्वचेवर पुन्हा तपासणी करतात.

निदान झालं तर संपूर्ण पोटाची सोनोग्राफी दर ३ महिन्यांनी, वयाच्या ७ वर्षांपर्यंत. ३ महिनेच का? विल्म्स ट्यूमर काही आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. वर्षातून एकदा केलेली सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून पुढच्या ११ महिन्यांची हमी मिळत नाही, फक्त खर्च होतो आणि खोटा दिलासा मिळतो. अमेरिकी शिफारशींत याच्या जोडीला अल्फा-फीटोप्रोटीन म्हणजे एएफपी हे यकृताच्या गाठीत वाढणारं रक्तातलं प्रथिन पहिली काही वर्षं तपासतात. युरोपातल्या शिफारशी एएफपी सरसकट करायला सांगत नाहीत, आणि सोनोग्राफीही जनुकीय प्रकार बघून ठरवतात. दोन डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यामागे हे कारण असू शकतं. यातली एकही खूण नसेल तर तुमच्या मुलीला यातलं काहीही लागू नाही.

दुसरी जागा उलट्या टोकाची आहे आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष जातं. १,५०० ग्रॅमच्या आत जन्मलेल्या, काचेच्या पेटीत आठवडेच्या आठवडे काढलेल्या बाळांत हेपॅटोब्लास्टोमाचा धोका कितीतरी पट जास्त असतो, काही अभ्यासांत १५-२० पटींच्याही पुढे. जपानी डॉक्टरांच्या हे १९९० च्या दशकात लक्षात आलं. कच्चं यकृत, दीर्घकाळ ऑक्सिजन, शिरेतून दिलेलं पोषण, काही औषधं, प्लास्टिकच्या नळ्यांतले घटक, असे बरेच संशयित आहेत, पण एकावरही गुन्हा सिद्ध झालेला नाही. हा आजार मुळातच इतका दुर्मीळ आहे, दर वर्षी १० लाख मुलांत एक-दोन, की २० पटीनेही आकडा काही हजारांत एकावर थांबतो. म्हणून सरसकट तपासण्या नकोत. मात्र एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी आलेल्या अशा बाळाचं लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत पोट हाताने तपासलं जावं, आणि पहिल्या ३-४ वर्षांत उजव्या बरगडीखाली फुगवटा वाटला तर 'जंत असतील' म्हणून सोडू नये.

इथे एएफपीचा अहवाल वाचताना हमखास घोळ होतो. प्रयोगशाळेच्या कागदावर मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असते, १० नॅनोग्रॅमच्या आसपास. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाची सरासरी एएफपी मिलीलिटरमागे सुमारे ४८,००० नॅनोग्रॅम असते, आणि दिवस न भरलेल्या बाळाची १ लाखाच्याही वर. ती खाली येत येत मोठ्यांच्या पातळीला पोचायला ८ महिने ते वर्ष लागतं. दोन महिन्यांच्या, लवकर जन्मलेल्या बाळाच्या अहवालात हजारांतला आकडा लाल शाईत दिसला म्हणजे गाठ आहे असं नाही. वयाचा तक्ता लावायचा, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करून उतार चालू आहे ना ते बघायचं. उतार थांबला किंवा आकडा चढायला लागला तर मात्र लगेच सोनोग्राफी.

आता दर ६ महिन्यांच्या सीबीसीबद्दल, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीबद्दल. एएलएल काही आठवड्यांत उभा राहतो. जानेवारीतला स्वच्छ अहवाल मार्चबद्दल काही सांगत नाही. उलट निरोगी मुलांत खोट्या घंटा फार वाजतात. ४-५ वर्षांच्या आतल्या मुलांत पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट्स न्यूट्रोफिल्सपेक्षा जास्त असणं हीच नैसर्गिक स्थिती आहे, पण मोठ्यांच्या मर्यादेशी ताडल्यामुळे कागदावर त्यापुढे 'जास्त' असा शेरा येतो. साध्या व्हायरल तापानंतर वेगळ्या दिसणाऱ्या पेशी येतात. लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन ९ वर आलेलं असतं. हे सगळं 'ल्युकेमिया नाही ना' या भीतीने वाचलं की पुढची पायरी हाडाच्या मगजाची तपासणी, आणि तीही विनाकारण.

रक्त तपासायचं ते लक्षण दिसल्यावर, आणि तेव्हा एक दिवसही न घालवता. कारण न सापडणारा, दोन आठवड्यांच्या वर रेंगाळलेला ताप. ओठ-तळवे पांढरेफटक पडणं. नडगीवर मुलांना खरचटून काळंनिळं होतंच, पण पाठ, पोट, गाल अशा न आपटणाऱ्या जागी डाग किंवा टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. रात्री झोपेतून उठवणारं हाडांचं दुखणं, चालणाऱ्या मुलाने अचानक 'कडेवर घे' म्हणून हट्ट धरणं. मानेत, विशेषतः गळपट्टीच्या हाडावर, वाढत जाणारी न दुखणारी गाठ. सकाळी उठल्याउठल्या डोकेदुखी आणि उलटी. फोटोत डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक. यापैकी काही असेल तर सीबीसीबरोबर रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहिलेली असावी. नुसत्या मशीनच्या आकड्यांवर थांबू नये. डोळा, डोकेदुखी किंवा पोटातली गाठ असेल तर रक्ताची वाट न बघता त्या-त्या तपासणीलाच जायचं.

एक गोष्ट डॉक्टर आणि पालक दोघांनीही जपावी: असा ताप, गाठी किंवा सांधेदुखी असलेल्या मुलाला सीबीसी आणि काच पाहिल्याशिवाय स्टेरॉइड देऊ नये. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या चार-पाच दिवसांच्या सिरपने ताप उतरतो, गाठी बसतात, मूल खेळायला लागतं, आणि ल्युकेमियाच्या पेशी तात्पुरत्या दबून निदान लांबतं. पुढे आजार परत डोकं वर काढतो तेव्हा जोखमीचा गट ठरवणंही अवघड होऊन बसतं.

विल्म्स ट्यूमर बऱ्याचदा घरीच सापडतो. आंघोळ घालताना किंवा तेल लावताना बरगडीखाली एका बाजूला घट्ट, गुळगुळीत गोळा हाताला लागतो आणि मूल तर मजेत असतं. असं वाटलं तर तिथेच मालिश थांबवा, घरातल्या प्रत्येकाने दाबून बघू नका, कारण अशी गाठ फुटू शकते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, आणि मग बालकर्करोगाचं केंद्र. गावातल्या गावात सुई घालून तुकडा काढू नये.

बहिणीबद्दल. खाणं कमी करून बाळ लहान ठेवण्याचा विचार पूर्ण सोडून द्या. आपल्याकडे जन्मणाऱ्या बाळांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा अडीच किलोच्या आत असतो. जंतुसंसर्ग, शरीर थंड पडणं, दूध ओढता न येणं आणि पहिल्या महिन्यातले मृत्यू यांचं ओझं त्या बाळांवर पडतं. १०,००० त एकाच्या फरकाला भिऊन बाळाला तिकडे ढकलणं हा फार महागात पडणारा सौदा आहे. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्याही चालू ठेवा.

तिने करायचं ते साखरेची तपासणी. पहिल्या भेटीत झाली नसेल तर लगेच, आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ५ ते १० मिनिटांत प्यायचं; जेवण झालेलं असलं तरी चालतं. बरोबर २ तासांनी रक्त. १४० मिलिग्रॅम किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची, त्यानंतर झाली तर चालू ठेवायची. निदान झालं की २ आठवडे आहार आणि चालणं, तरीही जेवणानंतर २ तासांची साखर १२० च्या खाली येत नसेल तर औषध किंवा इन्सुलिन. प्रसूतीत बाळाचा खांदा अडकू नये, जन्मल्यावर त्याची साखर घसरू नये, यासाठी हे करायचं. कर्करोगाच्या भीतीने नव्हे.

आणि बाळ झाल्यावर वजन पहिल्या काही तासांत, कपडे काढून, शून्यावर आणलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर घेतलंय ना ते पाहा. अंदाजाने ओढून '२.५' किंवा '३' अशी गोल संख्या लिहिण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, आणि पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन ७ ते १० टक्के उतरतं, म्हणून चौथ्या दिवशीचं वजन जन्मवजन म्हणून चालत नाही. ग्रॅममधला आकडा, पूर्ण झालेले आठवडे आणि पहिल्या दिवसाची साखर, या तीन गोष्टी कार्डावर लिहून घ्या.